चार बाय पाच

आमच्या घरात एक हॉल आहे, एक स्वयंपाकघर आहे, दोन खोल्या आहेत आणि एक बाथरूम आहे. यांपैकी पहिल्या चार जागांत मी राहतो आणि पाचव्या जागेत मावतो. राहणं आणि मावणं यांतला फरक ज्यांना कळत नसेल, त्यांनी एकदा आमच्याकडे आंघोळीला यावं. ४ फूट रुंद आणि ५ फूट लांब. शाळेत ३२ वर्षं गणित शिकवल्यामुळे चार पंचे वीस हे मी डोळे मिटून सांगू शकतो. पण साबण डोळ्यांत गेल्यावर, डोळे मिटून, त्या २० चौरस फुटांत तांब्या शोधणं मला कधीच जमलेलं नाही.

हे बाथरूम काही आपोआप लहान झालं नाही. आम्ही ते लहान केलं. १९८९ मध्ये बारामतीत कर्ज काढून घर बांधायला घेतलं, तेव्हा नकाशा काढणारा म्हणाला, "सर, हॉल एक फुटानं वाढवायचा तर कुठून तरी एक फूट कापावा लागेल." मी आणि ही, दोघांनी एकाच क्षणी बाथरूमवर बोट ठेवलं. आमच्या संसारात इतकं एकमत त्यानंतर पुन्हा झालेलं नाही. हॉलमध्ये पाहुणे बसणार, बाथरूममध्ये आपण. पाहुण्यासाठी आपलं कापावं ही आपली संस्कृती, असं मला तेव्हा वाटून गेलं आणि ऊरही थोडा भरून आला. पुढे लक्षात आलं की यात संस्कृती वगैरे काही नव्हती. माणूस नेहमी कापतो ते जिथे कुणी बघत नाही तिथलं. आणि बाथरूम तर मुळात कुणी बघू नये म्हणूनच बांधतात.

तर त्या २० चौरस फुटांत मी तीसेक वर्षं आंघोळ केली. भिगवणला उजनीच्या पाण्यात रोहित पक्षी येतात. ते तासन् तास एका पायावर उभे राहतात, हे बघायला लांबलांबून माणसं मोटारी करून येतात. मी घरी रोज तेच करत होतो; एक मोटार कधी दाराशी थांबली नाही.

रिटायर झाल्यावर दोन-तीन वर्षांनी ही शेजारच्या घरी हळदीकुंकवाला गेली आणि त्यांचं नवं बाथरूम बघून आली. आल्या आल्या पर्स न ठेवता म्हणाली, "अहो, त्यांचं आपल्याएवढंच आहे. मी पावलांनी मोजलं. पण केवढं वाटतं!"

हळदीकुंकवाला गेलेली बाई दुसऱ्याचं बाथरूम पावलांनी मोजते यावर मी काही बोललो नाही. मी गणिताचा मास्तर. मोजणाऱ्या माणसाबद्दल मला आदर आहे. माझी अडचण 'वाटतं' या शब्दाशी होती.

रात्री चिरंजीवांना पुण्याला फोन लागला. चिरंजीव म्हणाले, "बाबा, भिंती आता हलवता येणार नाहीत. आहे तेवढंच ठेवायचं, फक्त मोठं आहे असं भासवायचं."

भासवायचं! हे क्रियापद मी आजवर वर्तमानपत्राच्या आतल्या पानावरच वाचलं होतं. पोलीस असल्याचं भासवून वृद्धेच्या पाटल्या लांबवल्या. बँकेतून बोलत असल्याचं भासवून खातं रिकामं केलं. आणि आता आमच्या घरात मोठं बाथरूम असल्याचं भासवून... कुणाला फसवायचं? त्या बाथरूममध्ये आम्ही दोघंच जाणार. म्हणजे फसवणारे आम्ही आणि फसणारेही आम्हीच. फिर्याद कुणी कुणाविरुद्ध लिहायची?

मी हे चिरंजीवांना बोलून दाखवलं. त्यांनी उत्तरादाखल फोनवर एक चित्र पाठवलं. रोममध्ये पलाझ्झो स्पादा नावाचा एक वाडा आहे. तिथे बोरोमिनी नावाच्या वास्तुविशारदानं १६५३ च्या सुमाराला, एका कार्डिनलसाठी, दोन्ही बाजूंना खांब असलेली एक वाट बांधली. लांबी जेमतेम ९ मीटर. पण समोर उभं राहून पाहिलं तर त्याच्या चौपट वाटते. युक्ती अशी, की आत जाता जाता खांब बुटके होत जातात, जमीन हळूहळू वर चढते, छत खाली येतं आणि भिंती जवळ येतात. शेवटी एक पुतळा आहे. लांबून पुरुषभर उंच दिसतो. प्रत्यक्षात तो मीटरभरही नाही. "बघा," चिरंजीव म्हणाले, "धर्मगुरूच्या घरात चालतं, मग आपल्या घरात का नाही?"

धर्मगुरूच्या पुढे मास्तर काय बोलणार? दुसऱ्या दिवशी आम्ही भिगवण रोडवर टाइल्सच्या दुकानात गेलो.

दुकानातला मुलगा माझाच विद्यार्थी निघाला. बारामतीत कुठल्याही दुकानात गेलं तरी एखादा विद्यार्थी निघतोच, आणि तो गणितात नापास झालेलाच असतो; त्यामुळे बिल मी पुन्हा एकदा तपासतो. पण नजरेच्या गणितात हा पोरगा पक्का होता. म्हणाला, "सर, तुमची जुनी सहा इंची टाइल काढा. जितके तुकडे जास्त तितके सांधे जास्त, आणि दर सांध्यापाशी नजर अडखळते. दोन बाय चारची एकच मोठी टाइल लावा, नजर सरळ घसरत जाईल. रंग फिकट घ्या, उजेड परत येईल. गडद रंग उजेड गिळतो. जमिनीची फरशी आणि भिंत एकाच रंगात ठेवा, म्हणजे जमीन कुठे संपली ते कळणार नाही. टाइल थेट छतापर्यंत न्या. आणि एका भिंतीला, सर, पूर्ण आरसा."

मी आयुष्यभर वर्गात जे ओरडून सांगितलं ते हा पोरगा माझ्यावरच उलटवत होता. वस्तू आरशाच्या जितकी पुढे, तितकीच तिची प्रतिमा आरशाच्या मागे. म्हणजे ५ फुटी भिंतीला आरसा लावला, की समोरचे ४ फूट मागे आणखी ४ फूट होऊन उभे राहणार. ४० चौरस फूट! २० खरे आणि २० आरशातले. क्षेत्रफळ दुप्पट आणि घरपट्टी तीच. असा व्यवहार मला बँकेनंसुद्धा कधी दिला नव्हता.

महिनाभर गवंडी घरात होता. तो महिना आम्ही आंघोळ कुठे केली ते विचारू नका. शेजारधर्म अजून टिकून आहे एवढंच सांगतो. महिन्यानं बाथरूम तयार झालं, आणि खोटं कशाला बोलू, दार उघडल्यावर मी दचकलोच. मोठं वाटत होतं! इतकं मोठं, की मी चपला काढून आत गेलो.

आत गेल्यावर मात्र एक गोष्ट कळली. आरशानं मागे जे ४ फूट दिले होते, त्यांत बादली ठेवता येत नव्हती. शिवाय देवाच्या दयेनं इतकी वर्षं जे मला कधी दिसलं नव्हतं ते सगळं आता एकदम, फिकट टाइल्सच्या भरपूर उजेडात, समोर उभं होतं. पहिले आठ दिवस मी आरशाकडे पाठ करून आंघोळ केली. एका पायावरच, कारण उरलेल्या पायाला जागा पूर्वीइतकीच होती.

"हे खोटं आहे," मी हिला म्हणालो.

"काय खोटं आहे?"

"हे मोठेपण. जागा वाढली नाही आणि वाढल्यासारखी दिसते. ही मयसभा आहे."

मयसभा हा शब्द मी उगाच वापरला नव्हता. महाभारतात पांडवांसाठी मयासुरानं सभा बांधली, ती जगातली पहिली अंतर्गत सजावट म्हणायला हरकत नाही. तिथे दुर्योधनाला स्फटिकाची जमीन पाण्यासारखी वाटली म्हणून त्यानं वस्त्र वर धरलं. पुढे खरं पाणी जमिनीसारखं वाटलं म्हणून तो त्यात पडला. आणि दार उघडं आहे असं समजून भिंतीवर कपाळ आपटून घेतलं. वर लोक हसले. पुढे काय झालं ते सगळ्यांना ठाऊक आहे. अठरा अक्षौहिणी सैन्य एका फरशीपायी गेलं असं मी म्हणत नाही. पण फरशीनं हातभार लावला.

हिनं शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाली, "आणि तुम्ही रोज सकाळी डाव्या कानावरचे केस उजव्या कानापर्यंत आणता, ते काय असतं?"

या युक्तिवादाला उत्तर नाही. ते केस मी खरोखरच आणतो. मी विचार करायला लागलो. पाहुणे आले की आपण गादीवर नवी चादर घालतो, ते गादी नवी असल्याचं भासवणं. आजाऱ्याला 'आज तरतरीत दिसतोस' म्हणतो, तेही भासवणंच. ज्यानं कुणाचं नुकसान होत नाही आणि मन जरा मोकळं होतं, त्याला फसवणूक म्हणावं का? २० चौरस फुटांत ज्याचा जीव कोंडतो त्याला ४० चा भास दिला, तर ती लबाडी की औषध? मी आठवडाभर विचार केला आणि निकाल हिच्या बाजूनं दिला. नाहीतरी तो तिथेच लागायचा होता. आरशाकडे तोंड करून आंघोळ करायला लागलो.

आणि मग मामा आले.

मामा म्हणजे माझ्या आईचे धाकटे भाऊ, इंदापूर तालुक्यातल्या पळसदेवचे. वय ८४. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू इतका पिकलेला, की समोरचा माणूस आवाज देईपर्यंत धुकं असायचा. बारामतीत ऑपरेशन करायचं ठरलं, म्हणून भिगवणवरून एस.टी.नं पिशवी घेऊन एकटेच आले. चहा झाला. हिनं टॉवेल दिला आणि बाथरूमचं दार दाखवलं. मामांनी दार ढकललं, आत डोकावले, लगबगीनं मागे सरले आणि दार लोटून पॅसेजमध्ये स्टुलावर बसले.

मी पेपर वाचत होतो. पाच मिनिटं झाली, दहा झाली, पंधरा झाली.

"मामा, काय झालं?"

"काय न्हाय. आत एक म्हातारं हाय. हुंदे त्याचं निवांत. वयस्कर माणूस, घाई कशापायी करायची?"

हसू नका. मी हसलो आणि मग माझं मलाच कसंतरी झालं. कारण त्या बाथरूममध्ये जो म्हातारा आत होता, त्याच्यासाठी मामा पंधरा मिनिटं बाहेर थांबले होते. आम्ही कापलेल्या एका फुटाचा एवढा विचार आम्ही कधी कुणासाठी केला नव्हता.

मामांची न्हाणी मी पाहिलेली आहे. पाहिली कशाला, तिच्यात वाढलोय. जुन्या पळसदेवला भीमेच्या काठी त्यांचं घर होतं आणि घराच्या मागच्या अंगाला दगडी न्हाणी. काळ्या दगडाच्या लाद्या, कोपऱ्यात बंब, मोरीचं पाणी सरळ अळूच्या वाफ्यात. मे महिन्याच्या सुटीत आम्ही सात भाचरं तिथे असायचो आणि मामा आम्हाला ओळीनं उभं करून वजरीनं घासून काढायचे. सात पोरं, एक मामा, एक बंब आणि अधूनमधून आत शिरणारं एक वासरू. तरी जागा उरायची. भिंतीला गिलावासुद्धा नव्हता. नजर प्रत्येक दगडाशी अडखळायची. आमचं मात्र काही अडायचं नाही.

पुढे उजनी धरण आलं. १९८० मध्ये ते पूर्ण झालं आणि गाव उठून वर सोलापूर रस्त्याच्या कडेला आलं. जुनं पळसदेव पाण्याखाली गेलं. पाणी फारच उतरलं, की पळसनाथाचं जुनं देऊळ वर येतं आणि लोक बघायला जातात. मामा काही जात नाहीत. रात्री जेवताना मी उगाच विषय काढला, "मामा, तुमची न्हाणी केवढी होती हो?"

"व्हती कशाला म्हणतोस? हाय की." मामा भाकरी मोडत म्हणाले. "आता तर ११७ टीएमसीची हाय."

ही हसली. मीही हसलो. मामा हसले नाहीत. जरा वेळानं म्हणाले, "पर त्यातलं ६३ मृतसाठ्याचं. नावाला ११७. कालव्याला मिळायचं ते ५३ च."

ऑपरेशन चांगलं झालं. एका डोळ्यावर पट्टी. डॉक्टरांनी बजावलं, आठ दिवस डोक्यावरून पाणी घ्यायचं नाही, डोळ्यात थेंब जाता कामा नये; आंघोळ मानेखाली, आणि ती दुसऱ्या कुणीतरी घालायची. दुसरं कुणी म्हणजे मी.

सकाळी मामांना घेऊन मी आत शिरलो. म्हणजे मामा शिरले. मी दारातच अडकलो. दार आतल्या बाजूला उघडणारं. मामा स्टुलावर बसले तर दार लागेना. दार लावावं तर मामांचे गुडघे हनुवटीला. मागे निळा ड्रम, नळाला पाणी येणार नाही या भीतीनं भरून ठेवलेला. माझं कोपर आरशावर आपटलं. तांब्यातलं पाणी मामांच्या मानेऐवजी माझ्या पायजम्यावर गेलं. ही बाहेरून ओरडत होती, "डोळ्यात नको! डोळ्यात नको!" आणि समोर आरशात आणखी एक मास्तर, आणखी एक मामा आणि दाराच्या फटीत आणखी एक ही. ज्या आरशानं जागा दुप्पट केली होती, त्यानं गर्दीही दुप्पट केली होती.

मामांनी उघड्या डोळ्यानं अंदाज घेतला आणि म्हणाले, "बाळू, एवढी माणसं कशाला बोलावलीस रं?"

मग, अंग पुसता पुसता, हळूच म्हणाले, "उद्यापासनं अंगणातच बसतो. कशाला तुमची अडचण?"

ज्या माणसानं मला बंबाचं ऊन पाणी हातावर घेऊन, आधी आपल्या हातावर बघून, मग माझ्या अंगावर घातलं होतं, तो माझ्या घरात, हजारो रुपयांच्या टाइल्समध्ये, स्वतःला अडचण म्हणत होता. माझ्या बाथरूमची परीक्षा झाली होती आणि मी नापास झालो होतो. कॉपी करूनही.

रात्री झोप येईना. मला रोमची ती वाट आठवली. चिरंजीवांनी त्या दिवशी सगळं सांगितलं, एक गोष्ट तेवढी सांगितली नव्हती. ती माझी मीच ताडली. बाहेर उभं राहून बघेपर्यंत ती वाट लांब असते. पण एखादा जिवंत माणूस तिच्यात चालत गेला, तर खांब बुटके होत जाणार आणि तो मात्र आहे तेवढाच राहणार. पाचव्या-सहाव्या पावलाला तो राक्षस दिसायला लागणार. भासवलेल्या जागेत माणूस शिरला, की जागेचं खोटं उघडं पडतं. आणि वाईट हे, की दिसायला त्या माणसाचंच काहीतरी चुकलंय असं दिसतं. जागा लाजत नाही. माणूस लाजतो आणि म्हणतो, मी अंगणात बसतो.

मी उठलो, दिवा लावला आणि मेजर टेप घेऊन बाथरूममध्ये गेलो. ३२ वर्षांच्या नोकरीत इतक्या मन लावून मी एकही गणित सोडवलं नव्हतं. दाराची फळी सव्वादोन फूट. दार आत उघडताना जमिनीवर पाव वर्तुळ काढतं. त्रिज्या सव्वादोन धरली, की क्षेत्रफळ जवळजवळ ४ चौरस फूट. म्हणजे बाथरूमचा पाचवा हिस्सा आम्ही दाराला आंदण दिला होता. ड्रमखाली सुमारे ३. मग एक फुटकी बादली, एक मोडका पाट, हिच्या माहेरचं तांब्याचं घंगाळ, घंगाळात शाम्पूच्या ९ बाटल्या, त्यांतल्या ६ रिकाम्या. यांचे २. एकूण ९ चौरस फूट गेले. २० मधले माणसासाठी उरले ११. नावाला ४०, कागदावर २० आणि उपयोगी ११. मामांचा शब्द मला तेव्हा कळला. हा आमचा मृतसाठा.

आमच्या बारामतीत, कऱ्हेच्या काठी, बाबूजी नाईकांच्या आश्रयाला मोरोपंत पराडकर राहून गेले. १७२९ चा जन्म, १७९४ ला गेले. रामायणच त्यांनी नाना तऱ्हांनी लिहिलं, आणि त्यांतलं एक निरोष्ठ रामायण. निरोष्ठ म्हणजे ओठाला ओठ लावून उच्चारायची प, फ, ब, भ, म ही अक्षरं वर्ज्य. जरा करून बघा. पाणी गेलं, बादली गेली, साबण गेला, तांब्या गेला, बंबही गेला. निरोष्ठ राहून साधी आंघोळ करता येत नाही, आणि पंतांनी रामायण केलं! त्यात 'म' चालत नाही, म्हणजे 'राम' हे नावच घेता येत नाही. तरी राम मावला. शाळेत असताना मला ही नुसती कसरत वाटायची. त्या रात्री, हातात टेप आणि समोर ६ रिकाम्या बाटल्या घेऊन बसल्यावर, वाटलं, अरे, हा आपल्याच गावचा माणूस आपल्याला सांगून गेला होता. जागा करायची तर आरसा आणायचा नसतो. काहीतरी बाहेर ठेवायचं असतं. कधी कधी तर ज्याच्यावाचून चालणारच नाही असं वाटतं तेच.

आमचं ज्याच्यावाचून चालणार नव्हतं तो म्हणजे ड्रम. पाणी गेलं तर? गेल्या दहा वर्षांत त्या ड्रमातलं पाणी आम्ही फक्त बदलण्यासाठी ओतलं होतं. तो ड्रम पाण्यानं भरलेला नव्हता, काळजीनं भरलेला होता.

सकाळी सुताराला बोलावलं. त्यानं बिजागऱ्या फिरवून दार बाहेर उघडणारं केलं. तासाभराचं काम, मजुरी दोन-तीन टाइल्सच्या किमतीइतकी. ड्रम मी आणि सुतारानं मिळून बाहेर काढला. बाटल्या गेल्या, पाट गेला, फुटकी बादली गेली. घंगाळ हिनं चिंच-मीठ लावून घासलं आणि मामांच्या आंघोळीला त्यातच पाणी काढलं.

मामा नको नको म्हणत आत आले. मी मागून आलो. दार लागलं. मामांनी स्टुलावर बसून आधी सवयीनं पाय आखडून घेतले; मग हळूच एक सोडला, मग दुसरा. भिंत आली नाही. मी हातावर पाणी घेऊन बघितलं आणि मग त्यांच्या खांद्यावर घातलं. डोळ्यात थेंब जाऊ नये म्हणून मामांनी दुसराही डोळा घट्ट मिटून घेतला होता.

"आज मोठी झाली की रं न्हाणी," मामा म्हणाले.

डोळे मिटून! ना फिकट रंग, ना बिनसांध्याची टाइल, ना आरसा. यातलं काही त्यांना दिसत नव्हतं. मी काही बोललो नाही. पाणी घालत राहिलो.

आठ दिवसांनी पट्टी काढून, औषधाचे थेंब घालून मामा गावी जायला निघाले. जायच्या आधी स्वतःहून बाथरूममध्ये गेले आणि आरशासमोर बराच वेळ उभे राहिले. बाहेर येऊन हिला म्हणाले, "सूनबाई, त्या दिवशीचं ते म्हातारं अजून आतच हाय. जरा बरं दिसतंय." आणि मग मात्र मनापासून हसले.

आरसा मी काढलेला नाही. त्यानं उजेड येतो, आणि सकाळी जरा प्रसन्नही वाटतं. भास हा वाईटच असतो असं माझं म्हणणं राहिलेलं नाही. फक्त तो आपल्यासाठी ठेवावा. दुसऱ्याला बसवायचं असेल तेव्हा खरी जागा लागते आणि ती आपलंच काहीतरी उचलल्याशिवाय निघत नाही, एवढंच मला त्या आठ दिवसांत कळलं.

ड्रमचं काय झालं म्हणाल, तर तो हॉलमध्ये आहे. टाकून द्यायचा धीर मला झाला नाही. माणूस एका महिन्यात किती सुधारणार? खिडकीच्या कोपऱ्यात ठेवलाय. हिनं त्यावर भरतकामाचं कापड टाकून वर फुलदाणी ठेवली आहे आणि ते टेबल असल्याचं भासवते. पाहुणे आले की कोचावर जरा सरकून बसतात. हॉल पूर्वीपेक्षा लहान वाटतो, अशी हिची तक्रार आहे. असू दे. १९८९ मध्ये त्यानं घेतलेला एक फूट त्यानं परत केला, असं मी धरून चालतो.